पोटलीत असेलच

माझी पोटली मुठीएवढी आहे आणि तिच्यात माझा हात कोपरापर्यंत जातो. श्रावणात मनगटापर्यंत जायचा. दसऱ्याला कोपर गाठलं. मी आता बाही दुमडूनच हात घालतो, कारण आत कुठेतरी मेणाचे कण आहेत आणि ते कफला लागले की धुऊनही निघत नाहीत.

पोटली आश्लेषाने शिवली. तिच्या आईच्या जुन्या पोलक्याचा खण होता, त्याचा एक तुकडा उरला होता. तेव्हा तिच्यात फासे राहायचे, बाकी काही नाही. आम्ही चौघं दर रविवारी दुपारी माझ्या घरी, कोल्हापूरच्या राजारामपुरीत, जेवणाच्या टेबलाभोवती बसून एक खेळ खेळायचो. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट चालवतो, त्याला मास्टर म्हणायचं. तो सांगतो की समोर दरी आहे, दार बंद आहे, राक्षस झोपलाय. बाकीचे गोष्टीतलं एकेक माणूस होतात आणि आपण काय करतो ते बोलून दाखवतात. जमलं की फसलं हे फासे ठरवतात. एवढाच खेळ. माझी आई त्याला ‘बसून भांडणं’ म्हणायची, आणि तिचं फारसं चूक नव्हतं.

मास्टर दिग्विजय. कॉलेजातही तो वर्गाच्या मागच्या बाकावरून अख्खा वर्ग चालवायचा. खेळताना जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा उभा करून त्यामागे बसायचा, म्हणजे त्याचे फासे आम्हाला दिसू नयेत. सर्फराज तलवारबाज होता, आणि खऱ्या आयुष्यात झुरळाला घाबरायचा. आश्लेषा वैदू होती, आमच्या जखमा बांधायची आणि बांधताना बडबडायची. मी जादूगार. जादूगार मी का, तर बाकी कोणाला नियम पाठ करायचे नव्हते.

जादूचे नियम सोपे आहेत. मंत्राला तीन गोष्टी लागतात: आवाज, हाताची खूण आणि एखादी वस्तू. तोंड बांधलेल्या जादूगाराला मंत्र येत नाही, हात बांधलेल्यालाही नाही. वस्तू मात्र क्षुल्लक असते. चिमूटभर राख, पीस, सुतळीचा तुकडा, मेण. अशा बिनकिमतीच्या वस्तूंसाठी जादूगाराच्या कमरेला पोटली असते, आणि पोटलीत काय आहे हे कोणी विचारायचं नसतं. जिला किंमत नाही ती वस्तू पोटलीत आहेच असं धरून चालायचं. हिरा लागत असेल तर कुठून आणलास ते मास्टर विचारणार. पीस लागत असेल तर ते असेलच.

आणखी एक गोष्ट होती, ती मात्र विचारायची असायची. काही वस्तू मंत्रात संपतात, काही उरतात आणि पोटलीत परत जातात. कुठली संपणारी आणि कुठली उरणारी, हे मास्टरलाच ठाऊक. आमच्या टेबलाची रीत अशी होती की आवाज सुरू करण्याआधी विचारायचं, “संपणारी की उरणारी?” एकदा आवाज सुरू झाला की मास्टर उत्तर देत नाही. मी दरवेळी विसरायचो. मंत्र म्हणायची मला फार घाई असायची. मग तिघंही एका सुरात ओरडायचे, “मक्या, विचारलंस का?” आणि मी वरमायचो. तिघांना एकदम हसवणं मला दुसऱ्या कुठल्याच प्रकारे जमलेलं नाही, तेव्हा कधीकधी मी मुद्दामही विसरायचो.

आश्लेषा लग्न होऊन बडोद्याला गेली, तेव्हा माझा हॉल एका खुर्चीने लांब झाला. म्हणजे तिची खुर्ची आणि टेबल यांच्यात आणखी एक खुर्ची मावेल एवढी जागा पडली. मी खुर्ची पुढे ओढली, तर सकाळी ती परत मागे. सर्फराज मस्कतला गेला आणि हॉल खिडकीच्या बाजूने वाढला. आता टेबलापासून स्वयंपाकघरात जायचं तर मी पाण्याची बाटली बरोबर घेतो. वाटेत बसायला एक स्टूल ठेवलंय.

दिग्विजय कुठेच गेला नाही. तो दोन गल्ल्या सोडून राहतो. घराखालीच सासऱ्यांचं टाइल्सचं शोरूम आहे, ते बघतो, आणि त्याला जुळ्या मुली आहेत. सकाळी दूधकट्ट्यावर आमची गाठ पडते. म्हशी समोर उभ्या असतात, लोक पेले घेऊन रांगेत असतात, आणि मी दरवेळी त्याला रविवारचं विचारतो. तो दरवेळी पेला तोंडाला लावत म्हणतो, “ह्या रविवारी न्हाई जमणार भावा. पुढच्या. तू काय, असतोसच.” मस्कतहून सर्फराजचाही असाच निरोप येतो. सुट्टीला आलो की बसू, तू काय, असतोसच. आश्लेषा तर दिवाळीच्या फराळाबरोबर हे लिहून पाठवते. ते खरंच आहे. मी घरी बसून डिजिटल फलक बनवतो, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे, चौकात बांधतात ते. वर मधोमध उत्सवमूर्ती, खाली शुभेच्छुकांची चेहऱ्यांची रांग. दिवसभर मी लोकांचे चेहरे कापतो आणि एकाशेजारी एक चिकटवतो. कित्येकदा संध्याकाळ होते आणि आठवतं की आज आपण एक शब्दही बोललेलो नाही. अशा दिवशी मंत्र म्हणायचा असता तर जमला नसता, आवाजाला गंज चढतो.

आमचा खेळ पुलावर थांबलेला आहे. शेवटच्या रविवारी चौघं जण एका दोरांच्या पुलाच्या मधोमध पोचले होते, खाली दरी, भोवती धुकं, आणि दिग्विजय म्हणाला होता, “हितं थांबू. पुढच्या रविवारी.” पुठ्ठा मिटला आणि तो गेला. चौघं अजून तिथेच उभे आहेत. मला त्यांची काळजी वाटते. मी मेलो तरी चालेल, मी जादूगार, नवा करता येतो. पण चौघंही दरीत गेले तर खेळ संपला असा नियम आहे. आणि खेळ संपला की पुढच्या रविवारी म्हणायलाही कोणाला काही कारण उरणार नाही. माझ्याकडे आता तेवढं एक कारण आहे.

म्हणून मी रविवारी टेबल पुसतो आणि चार कप ठेवतो. श्रावणातल्या अशाच एका रविवारी फासे काढायला पोटलीत हात घातला आणि हाताला मेण लागलं. मग राख लागली. मग एक पीस. सगळं होतं. नियमाप्रमाणे असायलाच हवं होतं, त्यामुळे मला नवल वाटलं नाही, थोडं उशिरा झालं एवढंच वाटलं.

पहिला मंत्र मी गड्याचा म्हटला. त्याने एक न दिसणारा गडी येतो आणि सांगितलेलं काम करतो. त्याला सुतळीचा तुकडा आणि लाकडाची ढलपी लागते. मला फक्त एवढंच हवं होतं की चहाचा कप माझ्यासमोर दुसऱ्या कोणीतरी ठेवावा. आवाज आधी फाटला, नंतर जमला. कप हवेतून आला आणि अलगद टेबलावर बसला. मी गड्याला बस म्हटलं, गावाकडची चौकशी केली. त्याला आवाज नसतो. चहा मात्र त्याने बरा केला होता, साखर जरा जास्त.

सुतळी संपणारी होती. मी विचारलं नव्हतं, विचारणार कोणाला? संध्याकाळी खाली आवाज झाला म्हणून गॅलरीत गेलो, तर गल्लीतले सगळे डिजिटल खाली पडलेले. बांबू उभे होते, फलक रस्त्यावर, आणि बांधलेली सुतळी कुठेच नव्हती. किराणावाला पुड्या हातात धरून उभा होता. बाजेवर बसलेले एक आजोबा जमिनीवर बसले होते आणि बाजेची चौकट त्यांच्याभोवती होती. कोणाला आश्चर्य वाटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून लोक खिळे मारू लागले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभच गेला, पीळ तेवढा गल्लीत पडून राहिला, शेवयांसारखा.

दिग्विजयचा फोन आला. कितीतरी दिवसांनी त्याने आपणहून केला होता.

“सुतळी तू वापरलीस काय?”

“हो.”

“विचारलं न्हाईस.”

“तू नव्हतास.”

“मी नसलो तरी विचारायचं असतंय,” तो म्हणाला. मागे मुली रडत होत्या. मी रविवारचं विचारलं. तो म्हणाला बघतो, आणि पुढचं वाक्य मला ठाऊक होतं.

पिसाचंही असंच झालं. टेबलावरून आश्लेषाचा कप घसरला. तो तिनेच आणलेला होता, कानाला टवका उडालेला. मी विचार न करता तोंडाने मंत्र सुरू केला आणि हात पोटलीत गेला. पिसाच्या मंत्राने पडणारी वस्तू हळू पडते. कप खाली यायला इतका वेळ लागला की मी तोवर जाऊन फरशीवर उशी ठेवली. कप वाचला. पीस गेलं. त्या दिवसापासून आमच्या इमारतीतली कबुतरं जिन्याने गच्चीवर जातात. सकाळी दूध आणायला निघालो की ती वर चढत असतात, गुलाबी, उघडी, एकामागे एक, आणि मला वाट द्यायला भिंतीकडे सरकतात. मी त्यांच्याकडे बघायचं टाळतो. वरच्या मजल्यावरच्या मोहिते काकूंनी त्यांच्यासाठी पायऱ्यांवर पोती अंथरली आहेत.

तेव्हा मी ठरवलं की आता वायफळ मंत्र बास. एकच म्हणायचा, बोलावण्याचा. तो मी खेळात कधी वापरला नव्हता, कारण तेव्हा सगळे समोरच असायचे. या मंत्राने माणसं जिथे असतील तिथून येतात आणि काम होईपर्यंत बसतात. त्याला लागते एक बिनकिमतीची वस्तू, जी आजवर जागची हललेली नाही अशी. मला वाटायचं एखादा खडा असेल, उंबऱ्याचा टवका असेल. काय आहे ते पोटलीला ठाऊक. पण ती संपणारी की उरणारी, हे मात्र या वेळी मी विचारणार होतो. सुतळी गेली तर खिळे मारता येतात. न हलणारी वस्तू जगातून गेली तर काय होईल, याचा मला अंदाज येत नव्हता.

शनिवारी जेवण झाल्यावर मी दिग्विजयच्या शोरूमकडे निघालो. दोन गल्ल्या आहेत, पण त्यासुद्धा लांबल्या आहेत. पहिली संपेपर्यंत ऊन कललं. दुसऱ्या गल्लीच्या मध्यावर चहाची टपरी आहे, तिथे एकदा बसावं लागलं. टपरीवाल्याने विचारलं, कुठून आलात? मी राजारामपुरीतून म्हटलं. तो म्हणाला, लांबून आलात.

दिग्विजय काउंटरमागे उभा होता. त्याने समोर नमुन्याची एक मोठी टाइल उभी केली होती आणि तिच्यामागे हाताने काहीतरी हलवत होता. मला फाशांचा आवाज आल्यासारखं वाटलं. जवळ गेलो तर तो नुसत्या किल्ल्या मोजत होता. दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्याने वर बघितलं आणि गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, “बोला, काय पाहिजे?”

त्याने मला ओळखलं नाही असं नाही. तोंडात बसलेलं वाक्य होतं, निघून गेलं. पण ते ‘बोला’ मला लागलं. मी विचारायला आलो होतो ते एवढंसं होतं, तीन शब्दांचं. त्या दोन गिऱ्हाइकांसमोर ते तोंडातून निघेना. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी खोडच आहे.

“बाथरूमची टाइल बघायची होती,” मी म्हणालो.

“घसरणार न्हाई तसली?”

“हो.”

त्याने चार दाखवल्या. खरखरीत, करड्या, चांगल्या होत्या. मी प्रत्येकीवरून बोट फिरवलं. तो म्हणाला, घरी काम काढलंय काय, मी म्हणालो हो. तो म्हणाला बरं केलंस. मग एका गिऱ्हाइकाने त्याला हाक मारली. त्याने एक नमुना कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला, वरून चिकटपट्टी लावली, सुतळी नव्हती ना. “निवांत बघ, परत न्हाई दिलास तरी चालतंय,” म्हणाला. मी निघालो. बोलणाऱ्याची मातीही खपते आणि न बोलणाऱ्याचे गहूही खपत नाहीत, हे आई मला सांगून थकली. परतीच्या वाटेवर टाइल जड होत गेली आणि मला माझाच इतका राग आला की टपरीवर थांबलो नाही.

रविवारी दुपारी मी टेबल पुसलं. चार कप ठेवले, केटलीत चहा करून ठेवला, दिग्विजयच्या जागेसमोर ती टाइल उभी केली, कारण पुठ्ठा त्याच्याकडेच होता. मग पोटली टेबलाच्या मधोमध ठेवून उभा राहिलो. खुर्च्या इतक्या लांब होत्या की आश्लेषाची तर काडेपेटीएवढी दिसत होती. मी स्वतःलाच मोठ्याने विचारलं, “संपणारी की उरणारी?” टाइल जरा सरळ केली. मग मी आवाज सुरू केला.

खूण डाव्या हाताने केली. उजवा पोटलीत घातला. कोपर गेलं, दंड गेला, खांदा काठाला टेकला. मेण नव्हतं, राख नव्हती, काहीच लागेना. पहिल्यांदाच पोटली मला काही देत नव्हती. मंत्र अर्धा झाला होता आणि अर्ध्यावर सोडता येत नाही. मी आणखी वाकलो. गाल खणाला लागला, त्याला अजून आश्लेषाच्या आईच्या कपाटातला वास होता, डांबरगोळीचा. मंत्राचा शेवटचा शब्द मी आतूनच म्हटला.

आत उबदार आहे. खण जाड असला तरी दुपारचं ऊन त्यातून येतं आणि सगळं तांबूस दिसतं. पायाखाली मऊ आहे. एका कोपऱ्यात मेणाचा गोळा आहे, माझ्या गुडघ्याएवढा. लाकडाची ढलपी तुळईसारखी आडवी पडली आहे. मी तिच्यावर बसलो आणि विचार केला. म्हणजे बोलावण्याची वस्तू उरणारी निघाली. वापरून झाली की पोटलीत परत. मला जरा हायसं वाटलं.

आजवर जागचं हललेलं नाही, आणि किंमत नाही, असं घरात माझ्याशिवाय दुसरं काय होतं म्हणा.

वर खुर्च्या ओढल्याचा आवाज आला. एक, मग दुसरी, मग तिसरी, अगदी जवळ. हॉल आपल्या मापाला आला असणार. सर्फराजचा आवाज मी लगेच ओळखला. तो म्हणाला अर्धा तास हाय माझ्याकडं, जेवणाची सुट्टी चाललीय, आणि डबा उघडल्याचा आवाज झाला. त्याच्या बुटांतून वाळू पडत असावी, फरशीवर बारीक सरसर ऐकू येत होती. आश्लेषा म्हणाली, कणीक तशीच टाकून आलो, हात बघ माझे. बडोद्याला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तिचं ‘आलो’ गेलं नव्हतं. कोल्हापूरच्या मुली अशाच बोलतात. टाइल थोडी सरकवल्याचा आवाज आला. दिग्विजय तिच्यामागे नीट बसत होता.

कोणीतरी चहा ओतला. मग सर्फराज हसला, मग आश्लेषा हसली. किती जाड झालास, तू पण, तुझ्या पोरी कशा आहेत, असलं सगळं. मी ढलपीवर बसून ऐकत होतो. मला इतकं बरं वाटत होतं की डोळ्यांत पाणी आलं. हेच तर मला हवं होतं. फक्त मी त्यात नव्हतो.

“मक्या कुठाय?” आश्लेषाने विचारलं.

“असंल की,” दिग्विजय म्हणाला. “तो कुठं जातोय?”

मी उभा राहिलो आणि ओरडलो. आवाज खणाला लागून परत आला आणि माझ्याच कानात बसला.

चौथ्या कपात कोणी चहा ओतला नाही, पण तो उचलून बाजूलाही ठेवला नाही. दिग्विजयने घसा साफ केला. तो आवाज ऐकला की आम्ही सगळे सरळ बसायचो. मीसुद्धा बसलो.

“तुम्ही पुलावर हायसा,” तो म्हणाला. “धुकं हाय. चौघं मधोमध उभे हायत. पुलाला दोर न्हाईत.”

“न्हाईत म्हणजे?” सर्फराजने विचारलं.

“न्हाईत. गेलेत. फळ्या तेवढ्या हायत.”

“मग आम्ही उभे कसे?”

“आजवर कोणी बघितलं न्हाई म्हणून. आता बघितलंसा.”

मी तोंडावर हात धरला. सुतळी. एका चहाच्या कपापायी मी गल्लीतली सगळी सुतळी संपवली होती, आणि पुलाचे दोरही त्यातच गेले होते.

फासे टेबलावर पडले. दिग्विजयने काय आलं ते सांगितलं नाही. त्याने एवढंच सांगितलं की फळ्या सुटल्या आणि चौघंही खाली निघालेत. दरी खोल आहे, पण तिला तळ आहे. सर्फराज म्हणाला, तलवार कशाला तरी अडकवतो. धुक्याला तलवार अडकत न्हाई, दिग्विजय म्हणाला. आश्लेषाने माझ्या माणसाकडे बघितलं असणार, खेळातल्या, तो पण पडत होता आणि त्याच्यासाठी बोलायला कोणी नव्हतं. सर्फराज घड्याळ बघत असावा, त्याची सुट्टी संपत आली होती. मला ऐकू येत होतं की खुर्च्या आत्ताच थोड्या थोड्या मागे सरकू लागल्या आहेत.

“मक्याचा मंत्र हाय की एक,” आश्लेषा म्हणाली. “हळू पडायचा. कितीदा ऐकलाय. मी म्हणतो.”

“हात मोकळा हाय?” दिग्विजयने विचारलं.

तिने कणीक झटकली. “हाय.”

“वस्तू?”

“पीस लागतंय.” खणावर बोटांची सावली पडली. “पोटली हितंच हाय. असंलच.”

“असंलच,” दिग्विजय म्हणाला. नियमाप्रमाणे त्याने पुढे विचारायचं नसतं.

मी सगळीकडे शोधलं. मेणाच्या मागे, ढलपीच्या खाली, शिवणीच्या कडेकडेने हात फिरवत गेलो. पीस एकही नव्हतं. मी ते एका कपासाठी वापरलं होतं आणि कबुतरं जिन्याने जात होती.

“आधी विचार की,” सर्फराज म्हणाला. “संपणारी का उरणारी. तो कायम विसरायचा.”

“पिसात काय विचारायचं?” आश्लेषा म्हणाली. तिघंही हसले, एका सुरात, जुनं हसू.

पोटलीचं तोंड उघडलं आणि वरून उजेड आला. तिचा हात आत आला. अंगठ्याजवळचा भाजलेला डाग मी ओळखला, माझ्याच स्वयंपाकघरात भाजला होता तिला. नखांत कणीक होती. बोटांनी मेण चाचपलं, सोडलं. राखेत बुडून बाहेर आली. ढलपीवरून फिरली. घाई होती, पण घाबरलेली नव्हती. आतली वस्तू आत असेलच अशी तिची खात्री होती. मी भिंतीला चिकटून बसलो असतो तर तिला सापडलो नसतो, पोटली खोल आहे. वर खुर्च्या सरकत होत्या आणि सर्फराजच्या बुटांतली वाळू थांबली होती.

गेले कित्येक महिने मी केस कापले नाहीत. कोणाला दाखवायचे होते? ते आता मऊ आणि लांब झाले आहेत, पिसासारखे.

मी ढलपीवर चढलो आणि मान वर केली. बोटं माझ्या केसांना लागली, थांबली, आणि वर तिचा आवाज सुरू झाला.